माझ्या मापाची चूल

मांडवगणच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक चूल आहे. चुलीमागच्या भिंतीला टाइल्स आहेत आणि त्यातल्या काही टाइल्सवर कॉफीच्या कपाचं चित्र आहे. कपातून वाफ निघते आहे, बशीत दोन बिया पडल्या आहेत. आमच्या घरात आजवर कुणी कॉफी केलेली नाही. त्या चुलीपुढे मी बसले की हात बरोबर तव्यावर जातो, पाठ वाकत नाही, गुडघा कुठे आपटत नाही. कारण ती माझ्या मापाने बांधली आहे. शिंप्याने ब्लाउजचं माप घ्यावं तसं माझं माप घेतलं होतं, आणि मी ते मुकाट्याने दिलं होतं.

हे सगळं एका शब्दावरून घडलं, आणि तो शब्द होता धूर.

लग्नाआधी मी रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला होता. त्याचं सर्टिफिकेट सासरी कपाटात साड्यांच्या खाली पडून होतं. मग दौंडच्या एका लॅबमध्ये जागा निघाली. नवरा कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, म्हणजे भीमेचा पूल ओलांडून रोज तिकडेच. दौंडमध्ये दोन खोल्या घेऊन राहिलो तर त्याची रात्रीबेरात्रीची मोटारसायकल वाचत होती आणि माझी नोकरी होत होती. त्याला पटलं. खोल्याही बघून झाल्या. एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे सासूबाईंना सांगणं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशी रीत आहे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नवरा एकुलता एक. आम्ही निघालो म्हणजे आत्या, दोन म्हशी आणि एवढं मोठं घर. चला म्हटलं तर त्या येणार नाहीत हेही माहीत होतं, कारण म्हशींना काही दौंडच्या दोन खोल्यांत नेता येत नाही. गावात अशा निघून जाण्याला एकच शब्द आहे: वेगळी चूल मांडली. तो शब्द एकदा चिकटला की जत्रेच्या जेवणातसुद्धा बायका आपल्या ताटाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

"मी सांगतो आईला," नवरा म्हणाला. "जरा वेळ बघून सांगतो."

त्याची ती वेळ आमच्या फाट्यावरच्या एसटीसारखी होती. येतीय, येतीय म्हणून नुसतं उभं राहायचं. आईपुढे बसला की हा गडी म्हशीच्या दुधाबद्दल बोलायचा, उसाच्या तोडीबद्दल बोलायचा, शेजारच्या बोअरला पाणी लागलं की नाही यावर बोलायचा. दौंड हा शब्द काही तोंडातून निघायचा नाही. मी दाराआडून ऐकायचे आणि दात खायचे.

एका संध्याकाळी लॅबच्या मॅडमचा फोन आला की नक्की काय ते कळवा, दुसरी एक मुलगी विचारते आहे. मी "कळवते" म्हणाले आणि स्वयंपाकघरात येऊन चुलीपुढे बसले. हातात काडेपेटी होती. काय झालं कोण जाणे, पण एकदम रडूच आलं. हुंदका आवरायच्या आत आत्या पाण्याची कळशी घेऊन आत आल्या.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही आत्या. धूर गेला डोळ्यात."

हे काही मी शोधून काढलेलं नाही. माझी आई हेच सांगायची, तिची आईही हेच सांगायची. चुलीपुढे बाईच्या डोळ्यात पाणी दिसलं की धूर, आणि समोरच्याने मान हलवून पुढे जायचं, हा आमच्याकडचा शिष्टाचार आहे. आत्याही मान हलवून पुढे गेल्या. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फोनवर मोठ्याने बोलत होत्या. "व्हय मिस्त्री, टाइल लावूनच करायची. आन् वर पाइप काढायचा. सुनेला धूर सोसत न्हाई माज्या."

मी नवऱ्याकडे बघितलं, तो खाली बघून बुटाची नाडी बांधत होता.

मिस्त्री तळेगाव ढमढेऱ्याचे. तीन पिढ्यांपासून त्यांच्या घराण्यात गवंडीकाम आहे आणि आमच्या घराची जुनी फरशीही त्यांच्या वडिलांनी घातलेली. सगळं गाव त्यांना मिस्त्रीचाचा म्हणतं. हाताने काम करताना त्यांचं तोंड त्याहून जास्त चालतं. जुनी चूल त्यांनी सकाळीच फोडली. काळी माती, काजळी, मध्ये कधीतरी पडलेला एक दांडा तुटलेला चमचा, असं सगळं घमेल्यातून बाहेर गेलं. मी मनात म्हटलं, चला, निदान आता नवरा बोलेल. चूल फुटल्यावर तरी बोलेल.

नवऱ्याने चाचांसाठी चहा आणला आणि म्हणाला, "चाचा, पाइप जरा मोठा घ्या."

मग मापाची गोष्ट आली. चाचांनी आत्यांना विचारलं, "वहिनी, उंची किती ठिवू? आजकाल उभ्यानं करत्यात सगळ्या."

"बसूनच. भाकरीला बसूनच बरं," आत्या म्हणाल्या. "पर माप माजं नगं घेऊ. मी काय, आज हाय उद्या न्हाई. हिचं घे. ही करणार आता जल्मभर."

जल्मभर हा शब्द त्यांनी इतक्या मायेने उच्चारला की त्यावर काही बोलायची सोयच नव्हती. मला उखडलेल्या जमिनीवर पाट टाकून बसवलं. "हात म्होरं करा सूनबाई, भाकरी टाकताव तसा," चाचा म्हणाले. मी रिकाम्या हवेत भाकरी टाकली. त्यांनी पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारली. माझ्या गुडघ्याजवळ एक, खांद्याजवळ एक, आणि जिथे तवा येणार तिथे एक फुली. मी उठले तर भिंतीवर मी बसलेलीच होते. ओरडावंसं वाटलं की अहो, पुसा ते. पण समोर आत्या उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, सुनेचं कौतुक करणाऱ्या डोळ्यांनी, आणि त्या डोळ्यांशी भांडायचं कसं ते मला कुणी शिकवलेलं नाही. सासू छळते म्हणून घर सोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांचं बरं असतं, त्यांना कारण असतं.

टाइल्स आणायला नवरा दौंडलाच गेला. ज्या गावात मला राहायचं होतं तिथून तो मला इथे बसवायचं सामान घेऊन आला. कॉफीचे कप त्यानेच निवडले.

"कॉफी कशाला?" मी दात ओठ खात विचारलं.

"अगं, दुकानदार म्हणाला की सध्या हेच चालतंय."

"तुम्ही आत्यांना सांगितलंत?"

"आता कामात कसं सांगायचं? काम होऊ दे."

"काम झाल्यावर काय सांगणार? चूल पाठीला बांधून ने म्हणून?"

तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

काम चालू असताना गल्लीतल्या बायका येऊन बघून जात. चाचांनी चुलीचं तोंड विटा आणि मातीचंच ठेवलं, कारण चकचकीत टाइलला जाळ लागला की ती तडकते. टाइल्स मागच्या भिंतीला आणि दोन्ही अंगाला लावल्या. मधोमध सिमेंटचा पाइप पत्र्यातून वर काढला. दिसायला चूल खरंच छान होत होती, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. शेजारच्या काकी टाइलवरून हात फिरवत म्हणाल्या, "नशीब काढलंस बाई. आमच्या म्हातारीनं धुरानं आंधळं व्हायची पाळी आणली, पर वीट हलवू दिली न्हाई." मी हसले. त्या आठवड्यात मी इतकी हसले की गाल दुखले. मॅडमचा पुन्हा फोन आला. सोमवारी या, नाहीतर मी त्या मुलीला ठेवते, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी म्हशींच्या गोठ्यात उभी राहून "येते" म्हणाले, आणि बाहेर येऊन परत हसायला लागले.

राहिली होती चुलीपुढची फरशी. शेवटच्या दिवशी सकाळी आत्यांच्या लक्षात आलं की उद्या अमावस्या. नव्या चुलीला पहिला जाळ अमावस्येला लावायचा नाही, आणि बांधलेली चूल थंड ठेवायची नाही, म्हणजे आजच दूध उतू घालायला हवं. चाचांना दुसऱ्या दिवसापासून भांडगावचं काम होतं, म्हणजे फरशीही आजच व्हायला हवी. दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर, आणि वाट एकच. शेवटी चाचांनीच तोडगा काढला. "तुम्ही दोघी आत चुलीपाशी बसा. मी चुलीपासनं धरतो आन् दाराकडं सरकत जातो. तुमचं दूध व्हतंय तवर माजी फरशी व्हतीय."

सगळ्यांना हे फार शहाणपणाचं वाटलं. मी आणि आत्या चुलीशेजारच्या ओट्यावर पातेलं, गोवऱ्या, तुराट्या घेऊन बसलो. चाचा फरशी ठोकत, सुतळी ताणत, गप्पा मारत मागे मागे सरकत गेले, आणि दारात पोचून उंबऱ्याबाहेर उभे राहिले, तेव्हा तिघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला.

"आता सांजच्यापत्तूर पाय लावू नका बरं का," चाचा म्हणाले. "एक जरी फरशी बसली तरी सगळा लेव्हल जाईल. म्या सांजच्याला फळी टाकून काढतो तुमास्नी."

आणि ते पलीकडच्या घरी चहाला निघून गेले. खिडकीला गज, दाराकडे ओली फरशी, आणि ओट्यावर मी आणि आत्या, गुडघ्याला गुडघा लावून. इतके दिवस मी मनात कोंडलेली होते. आता रीतसर कोंडले गेले.

आत्यांनी हळदीकुंकू वाहिलं. मी तुराट्या पेटवल्या. चाचांनी बजावलं होतं की माती ओली आहे, बारीकच जाळ करा. बारीक जाळ झाला. धूर चुलीतून निघाला, थोडा घुटमळला, आणि सरळ पाइपात शिरला. एक वळसासुद्धा बाहेर आला नाही. आत्या लहान पोरीसारख्या खूश झाल्या. "बग! बग कसा वडतोय! आता तुज्या डोळ्याला तरास न्हाई."

दूध वर आलं, पूर्वेला उतू गेलं, चुलीवर चर्र झालं. आत्यांनी हात जोडले. मीही जोडले, आणि हात जोडले त्याच क्षणी माझं सगळं सुटलं. मी रडायला लागले. गप्प राहायचा प्रयत्न केला तर आवाज जास्तच निघाला. उठून जावं तर जायला जागा नाही. तोंड फिरवलं तर समोर कॉफीचा कप.

आत्यांनी पदराने धरून पातेलं खाली उतरवलं. मग चुलीकडे बघत म्हणाल्या, "आता तर धूर न्हाई."

मी पदराने तोंड पुसलं.

"त्या दिशी पन नव्हता," त्या म्हणाल्या. "काडेपेटी हातातच व्हती तुज्या. चूल पेटलीच कुठं व्हती?"

माझं रडणं तिथल्या तिथे थांबलं. "मग आत्या, तुम्हाला माहीत होतं तर बांधली कशाला?"

"तू धूर म्हनलीस. मला वाटलं, धुराचा इलाज करावा. दुसरं काय असंल तर त्यो मला कुठला जमतोय?" त्यांनी एक तुराटी मोडून आत सारली. "वाटलं, जुनी चूल फोडली की बोलशील. माप घेतलं तवा तर वाटलं, आता बोलतीयच. न्हाई बोललीस. मग मला पन थांबवाया येईना. मिस्त्री लागला व्हता ना कामाला."

मग मी सांगितलं. लॅब, दोन खोल्या, सोमवार, सगळं. साड्यांखालचं सर्टिफिकेटसुद्धा सांगितलं. मध्येच मला रागही आला आणि मी म्हणाले की तुम्ही इतकं चांगलं वागू नका, मला जाता येत नाही. हे बोलून गेल्यावर मलाच लाज वाटली, पण मागे घेतलं नाही, कारण खरं तेच होतं.

आत्या ऐकत होत्या. जागेवरून उठून जाता आलं असतं तर त्या गेल्या असत्या, मला खात्री आहे. म्हशीचं काहीतरी आठवलं असतं. पण फरशी ओली होती.

तेवढ्यात नवरा पहिल्या शिफ्टवरून आला आणि दारात उभा राहिला. त्याने आमचे चेहरे पाहिले, पाय उचलला, आणि आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "पाय नको!" तो उंबऱ्यावर एका पायावर डुलत राहिला.

"काय रं, तू सांगणार व्हतास म्हणं मला काय तरी," आत्या म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं. "हां, ते... वेळ बघून..."

"बग मग वेळ. तिथंच हुबं राहून बग."

आम्ही दोघी हसलो. दोघींनाही रडू येत होतं, तरी हसलो. दूध आम्ही त्या पातेल्यातूनच वाटीवाटीने प्यायलो. त्याला काही मिळालं नाही, कारण तिथपर्यंत हात पोचत नव्हता.

चाचांनी फळी टाकून आम्हाला काढेपर्यंत ठरलं होतं. मी सोमवारी जायचं. दर रविवारी यायचं. मी म्हणाले, "आत्या, तुम्हीही चला. म्हशींचं बघू काहीतरी."

"आन् चूल? आजच तर पेटवली. नवी चूल थंड ठिवून जात्यात व्हय कुठं?"

मला वाटलं होतं की एक जण सुटली की दोघी सुटतो. तसं नसतं. मी ज्या जागेवरून उठले तिथे त्या जाऊन बसल्या, इतकंच झालं.

गावात व्हायची ती चर्चा झाली. शेजारच्या काकींनी आत्यांना विचारलंच, "काय ओ, सुनेनं वेगळी चूल मांडली म्हणं?" आत्यांनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि कॉफीच्या कपांपुढे उभं केलं. "ही काय हितं हाय तिची चूल. तिच्या मापाची. तिकडं नुसता गॅस हाय." पुढच्या रविवारी काकींनीच मला हे हसत हसत सांगितलं. मलाही हसू आलं. आत्यांनी माझी अब्रू राखली होती, आणि ज्या शब्दांनी राखली त्याच शब्दांनी मला तिथे बांधूनही ठेवलं होतं. हे त्यांच्या लक्षात आलं असेल की नाही, मी कधी विचारलं नाही.

लॅबचं काम मला आवडतं. दिवसभर मी लोकांना मूठ आवळायला सांगते, आणि रक्त आलं की सोडायला सांगते. संध्याकाळी दोन खोल्यांत गॅसवर पोळ्या करते. रविवारी मांडवगणला जाते, चुलीपुढे बसते, आणि हात न बघता तव्यावर जातो. दौंडच्या ओट्यावर तो अजून तसा जात नाही.

परवाच्या रविवारी भाकरी मी करते म्हटलं तर आत्या ऐकेनात. "तू बस, दमून आलीयस." त्या माझ्यापेक्षा बुटक्या. माझ्या मापाच्या चुलीपुढे त्यांनी पाटावर पाट रचले होते, तरी तवा त्यांना लांबच पडत होता. उजव्या हातावर, मनगटाच्या वर, तव्याच्या काठाच्या रेषेत चटक्यांचे डाग होते. काही जुने, एक ताजा. मी हात धरला तर त्यांनी काढून घेतला.

संध्याकाळी नवऱ्याने मोटारसायकल चालू केली. मी पिशवी घेऊन आत नमस्काराला गेले. आत्या चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी वाकले तेव्हा त्यांनी घाईने पदर डोळ्यांना लावला.

"आत्या?"

"काय न्हाई गं. धूर गेला डोळ्यात."

चूल मस्त पेटली होती. धूर सरळ पाइपात जात होता. मी मान हलवली आणि बाहेर आले.